काठीला लागलेला हात

"आई, जरा सरक ना, अंधार पडतोय."

सुहास अंगणात उकिडवा बसून काठीला तेल चोळत होता. त्याच्या अंगात नवा बंडी-लेंगा, कपाळाला बुक्का. मी त्याच्या उन्हात उभी होते, पण माझी नजर काठीवर नव्हती. ओसरीच्या पत्र्यावर अक्कानं कुरडया वाळत घातल्या होत्या, त्यातली एक हातात घेऊन मी वाकवून पाहत होते. ती मोडली नाही, वाकली. चैत्राच्या उन्हात तीन दिवस तापलेली कुरडई सकाळी हातात घेतली की कटकन मोडायला हवी.

"अक्का," मी आत हाक मारली, "मिठाची बरणी बघा जरा."

"का गं? मीठ संपलं?"

"ओलं झालंय का बघा."

अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई हौसाबाई, सुहासची मोठी आई, बरणी घेऊनच बाहेर आल्या. मिठाचा गोळा झाला होता. त्यांनी चमच्यानं तो फोडला आणि म्हणाल्या, "हे गं काय पावसाळ्यासारखं?"

मी वर पाहिलं. डोक्यावर आभाळ स्वच्छ होतं, पण दक्षिणेकडं, बऱ्याच उंचावर, छोट्या छोट्या ढगांची एक रांग होती. किल्ल्याच्या तटावर बुरूज असावेत तशी, खाली सरळ आणि वर फुगलेली. सकाळच्या प्रहरी असे बुरूज दिसले की माझे वडील वेधशाळेच्या गच्चीवरून खाली येताना म्हणायचे, आज दुपारी दोरीवरचे कपडे विसरू नका. वडिलांमागं मी त्याच वेधशाळेत निरीक्षक म्हणून लागले. पुण्याला प्रशिक्षण झालं आणि डोंगरावरच्या त्या गार गावात माझी सगळी नोकरी गेली. रोज सकाळी देवीचा पाठ, स्वतःच्या हातानं तोडलेली फुलं, दिवा, आणि मग थर्मामीटर. नोकरीत असताना या क्रमात मी कधी बदल केला नाही.

मोरवंड हे माझं सासर. घाटमाथ्यावरचं शेवटचं गाव. गावाच्या पश्चिमेला डोंगराची एक लांब उघडी सोंड वर चढत जाते, तिला धार म्हणतात. धारेच्या टोकावर धारजाईचं मूळ ठाणं आहे, एक शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे अनघड दगड, वर छप्पर नाही. धारेपलीकडं एकदम कोकण. चैत्री पुनवेला गावातल्या देवळातून निशाणाची काठी निघायची, जेवणं उरकल्यावर, आणि सूर्य कोकणात बुडताना माथ्यावर उभी राहायची. त्याच वेळी पाठीमागं देशावर चंद्र उगवतो. एका हाताला सूर्य, दुसऱ्या हाताला चंद्र, मधे निशाण. हा क्षण चुकला तर वर्ष चुकलं असं मोरवंडकर मानत, आणि तो कधी चुकला नव्हता.

त्या वर्षी काठी नवी होती. मुंबईकर मंडळानं बांबूच्या जागी लखलखीत स्टीलचा पाइप दिला होता, वर हातभर उंच पितळी कळस. आणि काठीचा पुढचा खांदा, जो आमच्या उतेकरांच्या घराचा मान, तो त्या वर्षी पहिल्यांदा सुहासकडं आला होता. माझे यजमान गिरणीतून सुटी न मिळाल्यानं आले नव्हते. त्यांच्या जागी त्यांचा मुलगा.

"चकाकते की नाही?" सुहास म्हणाला.

"चकाकते."

"मग तोंड का पाडलंयस?"

मी कुरडई परत पत्र्यावर ठेवली. "फुलं आणते," म्हटलं आणि परडी घेऊन निघाले.

फुलं जवळही होती. पण गावातून धारेपलीकडचं आभाळ दिसत नाही, हीच मोरवंडची अडचण. जे काही चालून येतं ते धारेच्या आडून येतं आणि डोक्यावर आल्यावरच कळतं. म्हणून मी खिंडीपर्यंत गेले. वाटेत गवत घोट्यापर्यंत ओलं होतं. चैत्रात दव! खिंडीत पाय ठेवला आणि वारा तोंडावर आला. खालून, कोकणातून, दमट, खारट म्हणावा असा. रोजच्या दिवशी हा वारा दुपार कलल्यावर घाट चढतो. आज उन्हं नीट वर आली नव्हती तोवरच तो हजर होता. आणि वरचे ढग मात्र त्याच्या उलट, देशावरून कोकणाकडं सरकत होते. खाली एक वारा, वर दुसरा. दरीत धुरकट पांढरं काहीतरी साचलं होतं आणि त्यातून फुलकोबीसारखी डोकी वर यायला लागली होती.

मी चार चाफ्याची फुलं तोडली आणि उतरले.

*

भाऊजी, माझे थोरले दीर आनंदराव, ज्यांना सुहास आबा म्हणतो, देवळाच्या मंडपात ताशेवाल्यांना विडे देत होते. यात्रेचे पंच तेच. उंच, आवाज भरदार. माझा आवाज मुळातच लहान. घरात पाटावर बसलेल्या माणसालाही मला दोनदा सांगावं लागतं.

"भाऊजी, एक विचारायचं होतं."

"बोल की शालन."

"काठी आत्ताच निघाली तर? उन्हं चढायच्या आत वर जाऊन दुपारच्या आधी सगळे खाली आलेले बरे."

त्यांनी विड्याचं तबक खाली ठेवलं. "का?"

"दुपारी धारेवर वीज आहे."

मंडपात हसू फुटलं. धोंडूमामा गुरव खांबाला टेकून फुलांच्या माळा करत होते, ते म्हणाले, "वैनी, वीज तुमच्याकडं आधी हजेरी लावून जाते का?"

"तसं समजा मामा."

"अवो, बघा की वर. आईनं आज पदर घेतलाय का डोईवर?" पावसाळ्यात माथ्यावर ढगाची टोपी बसते, तिला मोरवंडात देवीचा पदर म्हणतात. पदर दिसला की धारेवर कोणी जात नाही, एवढं सगळे पाळतात. "मोकळं कपाळ हाय आईचं. परसन्न हाय ती."

"आषाढातलं चैत्रात लागू होत नाही मामा. चैत्रात डोंगर सकाळी मोकळाच असतो. दुपारी तापतो आणि मग ढग त्याच्यावरच उभा राहतो. पदर येत नाही, एकदम डोंगराएवढा ढग येतो."

भाऊजी शांतपणे म्हणाले, "सकाळी रेडिओ ऐकला मी. तुमच्याच लोकांनी सांगितलंय, हवा कोरडी राहील."

"ते बरोबरच आहे. फलटणला कोरडी राहील, माणला राहील. ही धार फलटणात नाही."

ताशेवाल्यांपैकी एकजण खो खो हसला आणि भाऊजींनी बघितल्यावर गप्प झाला.

"नैवेद्याआधी काठी हलत नाही," भाऊजी म्हणाले. "आणि वर पोचून काय करायचं? दुपारच्या टळटळीत उन्हात निशाण लावायचं? चंद्राशिवाय?"

"मग शेवटच्या आंब्यापाशी थांबा. झाडीत खाली बसा, काठी जमिनीवर ठेवा. ढग निघून गेला की धारेवर जा."

हे बोलले आणि मलाच कळलं की हे होणार नाही. काठी एकदा खांद्यावर चढली की माथ्यावरच टेकते. मधे जमिनीला लागली तर अपशकुन. खांदे बदलतात, पण काठी थांबत नाही. शंभरएक माणसं, ढोल, ताशे, आणि खांद्यांवरचा तो लांब पाइप, उघड्या सोंडेवर, जिथं माणसाहून उंच झुडूपही नाही. बांबू असता तरी मी हेच बोलले असते. वीज धातू बघत नाही, उंची बघते.

"शालन," भाऊजी म्हणाले, "तू उपास-तापास करणारी बाई. आज निशाण लागेस्तवर पाणीसुद्धा घेणार नाहीस, मला माहीत आहे. तूच असं बोलायला लागलीस तर बाकीच्यांनी काय करायचं?"

"मी उपास करते म्हणून मला दिसत नाही असं थोडंच आहे?"

धोंडूमामांनी माळ खाली ठेवली. "वैनी, आईलाच विचारू. कौल लावतो."

त्यांनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात भिजवलेल्या कळ्या चिकटवल्या. "आई, काठी येऊ का तुझ्याकडं? येऊ तर उजवी दे." आम्ही सगळे हात जोडून उभे राहिलो. थोड्या वेळानं उजवी कळी सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

"झालं समाधान?" भाऊजींनी विचारलं.

मी नमस्कार केला, कळी उचलून कपाळाला लावली आणि म्हणाले, "नाही."

*

घरी आले तर बातमी माझ्याआधी पोचली होती. सुहास दारातच उभा.

"आई, आज तरी नको ना. सगळे हसतायत."

"हसू देत."

"तुला हसत नाहीयेत, मला हसतायत. म्हणतात, पुढच्या खांद्याला आईनं घाबरवलं."

"तू घाबरलास?"

"नाही!"

"घाबरायला पाहिजे. मी घाबरलेय."

तो माझ्याकडं बघत राहिला. माझा मुलगा वेधशाळेच्या आवारात वाढलेला. लहानपणी पर्जन्यमापक उघडून त्यात हात घालायचा म्हणून मार खाल्लेला. त्याला बुरूज ढग माहीत होते. पण त्याच्या खांद्यावर त्या दिवशी वडिलांचा मान होता, गावातल्या पोरांच्या नजरा होत्या. "तू रोज देवीचा पाठ करतेस," तो खालच्या आवाजात म्हणाला, "आणि आजच तुझा तिच्यावर विश्वास नाही?"

"पाठ करते म्हणूनच सांगतेय. तिच्या डोंगरावर तिच्या पोरांनी असं मरू नये."

"मरायचं काय बोलतेस सणाच्या दिवशी!" अक्का आतून ओरडल्या. पुरणाच्या पोळ्यांचा घाट चालू होता. मी पदर खोचून लाटायला बसले. दोन-चार पोळ्या उतरल्या. मग अक्का तव्यावरची पोळी उलटत हळूच म्हणाल्या, "खरंच वाटतंय तुला?"

"वाटत नाही अक्का. दिसतंय."

"चुकत नाहीस का कधी?"

"चुकते की. कितीदा चुकले."

"मग?"

"मग काय? दहातल्या एखाद्या वेळी ढग बाजूनं निघून जाईल. त्या एका वेळेच्या भरवशावर तुम्ही भाऊजींना वर पाठवाल?"

पोळी करपली. अक्काच्या हातून पोळी करपलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

नैवेद्य झाला. पंगती उठल्या. धारेच्या मागून एक पांढरं टोक वर आलेलं आता गावातूनही दिसायला लागलं, पण उन्हात ते इतकं सुंदर, धुतलेल्या कापसासारखं दिसत होतं की कोणाला त्याची भीती वाटावी असं त्यात काही नव्हतं. एक म्हातारा तर म्हणाला, बघा, आई छत्र धरायला आली. वारा अचानक पडला. पताका काड्यांना लटकून राहिल्या. माश्या सुटल्या.

मग ढोल सुरू झाला.

*

काठी देवळासमोर दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवलेली होती. फुलांच्या माळा, मोरपिसं, लाल निशाण, पुढं कळस. खांदेकरी दोन बाजूंना उभे राहिले. सगळ्यात पुढं सुहास, त्याच्या समोर भाऊजी. बाया एका कडेला, ओट्यावर. काठीच्या जवळ बायांनी जायचं नाही. माथ्यावर उभी राहिल्यावर तिला कुंकू लावायचं, तोवर लांबूनच.

मी भाऊजींना हाक मारली. ढोलात ती माझ्याच कानापर्यंत आली नाही. पुन्हा मारली. एका ताशेवाल्यानं माझ्याकडं बघून हसून मान डोलावली, त्याला वाटलं मी जयजयकार करतेय. धोंडूमामांनी नारळ फोडला. भाऊजींनी दोन्ही हात वर केले. हे हात खाली आले की "चांगभलं" म्हणून काठी उचलली जाणार, आणि एकदा उचलली की कोणाच्यानंही थांबणार नाही, खुद्द भाऊजींच्यानंही नाही.

धारेमागच्या ढगाचं डोकं आता सपाट व्हायला लागलं होतं, ऐरणीसारखं. म्हणजे त्याची वाढ पुरी झाली.

मी ओट्यावरून उतरले. घाईनं नाही, पूजेला जाते तशी चालत गेले. म्हणूनच बहुधा कोणी अडवलं नाही. खांदेकऱ्यांच्या मधून वाट काढली आणि काठीवर हात ठेवला, नुसती बोटं नव्हे, सबंध तळवा. पाइप उन्हानं चांगलाच तापला होता.

ढोल कोणी बंद केला माहीत नाही. आधी एक, मग दुसरा. शेवटी एक ताशा एकटाच वाजत राहिला आणि तोही थांबला.

"आई!" सुहास.

भाऊजींचे हात अजून वरच होते. "शालन, काय केलंस हे?"

त्या शांततेत माझा लहान आवाज पुरेसा झाला. मी म्हणाले, "मला विटाळ आहे."

कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. पुढचे चार खांदेकरी चटका बसल्यासारखे मागं सरले. फक्त सुहास तिथंच उभा राहिला, मान खाली घालून, कानापर्यंत लाल. इतक्या पुरुषांसमोर, त्याच्या मित्रांसमोर, त्याच्या आईनं हे उच्चारलं होतं.

"माहीत असून हात लावलास?"

"हो. माहीत असून."

"केव्हापासून?"

"आत्ता. मघाशी कळलं."

भाऊजींनी हात खाली घेतले. त्यांच्या तोंडावर राग होता, पण रागाआधी एक गोंधळ होता. उतेकरांच्या घरात असं होत नसतं. ते बायांच्या ओट्याकडं वळले. "खरं का खोटं? कोणाला सांगितलं हिनं?"

ओट्यावर कुजबुज झाली. खालच्या आळीची एक म्हातारी "पण हिचं वय..." असं काहीतरी बोलायला लागली. अक्का तिच्या पुढं येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी आणखी पुढं ओढला. नवऱ्यासमोर भर चौकात त्या आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या.

"मला सांगितलं," त्या म्हणाल्या. "चुलीपाशीच. मीच म्हटलं, दूर हो."

"मग दूर का नाही झाली?"

"ते तिला विचारा."

भाऊजींनी मला विचारलं नाही. धोंडूमामा कपाळावर हात मारून खाली बसले. बाटलेली काठी शुद्ध करायची तर खाली नदीच्या उगमाचं पाणी आणायचं, देवीला अभिषेक, तिसऱ्या दिवशी होम. त्या पुनवेला काठी जाणं आता शक्य नव्हतं. माणसं पांगायला लागली. कोणी माझ्याजवळून जाताना थुंकलं. मी काठीवरचा हात काढला आणि ओट्याच्या कोपऱ्यात, विटाळशीनं बसावं तशी, वेगळी बसले.

"चुलीत गेलं तुझं हवामान," सुहास माझ्याकडं न बघता म्हणाला आणि निघून गेला.

*

फार वेळ बसावं लागलं नाही.

धारेमागचं पांढरं काळं झालं, मग हिरवट. गार वाऱ्याचा एक लोट सोंडेवरून धूळ घेऊन खाली आला, पताका तुटून उडाल्या. सगळं गाव मंडपात शिरलं. मी ओट्यावरच राहिले, मला आत यायला कोणी म्हटलं नाही. पहिली वीज धारेच्या मधोमध पडली. ढोल जिथं थोडा दम घेतात, त्या टेपाच्या उंचवट्यावर. मग माथ्यावर. मग पुन्हा मधे. एक विझायच्या आत दुसरी. वरच्या मोकळ्या सोंडेवर त्या चालत असल्यासारख्या पुढं सरकत होत्या. गारा आल्या आणि देवळासमोर तशाच राहिलेल्या पाइपावर इतक्या वाजल्या की आतली लेकरं रडायला लागली.

मी मोजदाद करत नव्हते, पण एवढं सांगते, काठी वेळेवर निघाली असती तर त्या वेळी ती धारेच्या मधल्या टेपावर असती. हे मला माहीत होतं आणि मंडपातल्या प्रत्येक पुरुषाला माहीत होतं. कारण ते सगळे वर्षानुवर्षं त्याच वेळी तिथं असायचे.

गारा थांबल्या. मला वाटलं, आता कोणीतरी माझ्याकडं बघेल. बघितलं धोंडूमामांनी.

"कोपली," ते म्हणाले. "आई कोपली. असा कोप बापजन्मात पाहिला न्हाई. काठी बाटवली, त्याचा कोप."

आणि मंडपभर एक सुस्कारा पसरला. सगळ्यांना उत्तर सापडलं होतं. सकाळी मी सांगितलेली वीज आता माझ्याच पापाची साक्ष झाली.

मला हसू आलं. खरंच आलं. अक्कानं माझ्याकडं बघून डोळे मोठे केले म्हणून मी ते गिळलं.

भाऊजी बाहेर ओट्यापाशी आले. चिखलात उभे राहिले. त्यांचा आवाज उतरला होता. "शालन, आईच्या पायरीवर नाक घास. चुकले म्हण. मी गावाला सांभाळून घेतो."

"कोप असेल भाऊजी," मी म्हणाले. "देवीचा कोप असेल, मी कुठं नाही म्हणते? पण कोपली तेव्हा धारेवर कोणी नव्हतं. तेवढं माझ्या नावावर राहू द्या."

"ते बोलू नकोस. चुकले एवढंच म्हण."

"चुकले नाही."

"एक शब्द आहे शालन!"

"म्हणूनच म्हणत नाही. आज आभाळ कोरडं गेलं असतं, एक थेंब पडला नसता, तरी म्हटलं नसतं."

ते माझ्याकडं बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला नीट पाहिलं असेल. "मग ही पायरी तुला बंद," ते म्हणाले. "नाक घासशील तेव्हा उघडेल."

"बरं," मी म्हणाले.

पायरी अजून बंद आहे. मी घरी पाठ करते, फुलं तोडते, दिवा लावते. दोन वर्षांनी काठी सकाळी निघायला लागली असं कळलं, म्हाताऱ्यांना उन्हाचा त्रास होतो म्हणून. भाऊजी गेले त्याच्या आधी त्यांनी मला बोलावणं पाठवलं होतं. मी भेटायला गेले. बोललो. देवळाचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही काढला नाही.

त्या संध्याकाळी अक्कानं मागच्या पडवीत मला पाण्याचा तांब्या आणून दिला, लांबून, जमिनीवर ठेवून, शेजारणी बघत होत्या म्हणून.

"निशाण लागलं नाही अक्का. कसं पिऊ?"

"पी," त्या म्हणाल्या. "आज मी देवीसमोर काय काय केलं ते मला माहीत. त्यात हे एक. पी गपचूप."

मी प्यायले. त्या तिथंच उभ्या राहिल्या, तांब्या रिकामा होईपर्यंत.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि सुहास एस.टी.च्या फाट्यावर बसलो होतो. तो रात्रीपासून माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. हवा धुतल्यासारखी होती. धारेच्या घळीत गारांचे पांढरे पट्टे अजून वितळले नव्हते, आणि तो त्यांच्याकडंच बघत होता.

"आई," तो शेवटी म्हणाला, "मोठी आई काल खोटं बोलली का?"

मी पिशवीचा बंद आवळला.

"तिचा चेहरा मी बघितला. तिला खोटं बोलता येत नाही."

"काल आलं की."

तो माझ्याकडं वळला. "म्हणजे तुला काही नव्हतंच?"

"ते बंद होऊन वर्षं झाली. अक्काला माहीत होतं, मीच सांगितलं होतं त्यांना."

त्याला ते पचायला वेळ लागला. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, गाडीवाल्यानं मला ओळखलं आणि तोंड फिरवलं.

"म्हणजे काठी बाटली नव्हती."

"नाही."

"म्हणजे काल आम्हाला जाता आलं असतं."

"आलं असतं," मी म्हणाले.

तो पुन्हा धारेकडं बघायला लागला. मधल्या टेपावर, जिथं ढोल दम घेतात, तिथं काहीतरी काळं दिसत होतं. जळालेलं गवत असेल. आम्ही दोघांनीही ते बघितलं.

"मग सांगितलं का नाहीस? आबांनी नाक घासायला सांगितलं तेव्हा? खोटं होतं म्हणाली असतीस, तर पायरी तरी उरली असती."

"आणि तुम्ही तिथूनच काठी उचलली असती. पुनव अजून सरली नव्हती. मागून दुसरा ढग येत होता."

"आला?"

"नाही आला. बाजूनं गेला."

तो हसला. कालपासून पहिल्यांदा. मग एकदम थांबला आणि म्हणाला, "आई, पण देवीसमोर खोटं बोललीस. तिला काय सांगणार?"

"तिला काय सांगायचं? ती तिथंच होती."

वळणावर एस.टी.चा आवाज आला. सुहासनं माझी पिशवी उचलली, स्वतःची खांद्याला लावली. गाडी थांबली, आम्ही चढलो, खिडकीशी बसलो. गाडी सुटल्यावर तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "आणि पुढच्या वर्षी पुन्हा असाच ढग आला तर? हे परत चालणार नाही. तुझं वय आता सगळ्या बायका मोजतील."

"मोजू देत," मी म्हणाले. "दुसरं काहीतरी करीन."